हजारावी इच्छा

पोलिसांच्या पत्रकात एकच वाक्य ठळक छापले होते : "आरोपीने हे कृत्य एकट्याने केले असून त्याचा कोणत्याही संघटनेशी संबंध नाही."

संघटनेला कार्यालय, शिक्का आणि पावतीपुस्तक असते, अशी सरकारची जुनी श्रद्धा आहे. ओसाकातल्या कोरियन शाळेचे ग्रंथालय पाक सूनजाबाईंनी एकतीस वर्षे सांभाळले होते; आता तिथे ओल्या राखेचा वास होता. आरोपपत्रात द्वेषाचा उल्लेख आला नाही, तर ही आग एका बेकार तरुणाचा माथेफिरूपणा ठरून दप्तरात जाणार होती. म्हणून आरोपी जिथे लिहीत असे, त्या निनावी संकेतस्थळावरच्या चर्चेच्या छापील पानांचा गठ्ठा घेऊन त्या तपास अधिकारी मोरिवाकीसमोर बसल्या.

"बाई, संघटनेला प्रमुख लागतो," मोरिवाकी समजावणीच्या सुरात म्हणाला. "इथं सगळे बिननावाचे. रिकामटेकड्यांच्या गप्पा हो त्या!"

"गप्पांना शाळेचा नकाशा लागतो? पहारेकऱ्याची सुट्टी कधी, ते लागतं?" बाईंनी पाने उलटली. "नकाशा एकानं दिला, दिवस दुसऱ्यानं, खिडकी तिसऱ्यानं. प्रत्येकानं एकेक काटकी टाकली, आणि तुम्ही विचारताय, मोळी कुठाय?"

"गंमत केली म्हणतात."

"हसत हसत केलेला गुन्हा माफ, हे कलम कितवं, साहेब?"

मोरिवाकीने गठ्ठ्यातली वरची दोन पाने चाळली.

त्या संकेतस्थळावर प्रत्येक चर्चा हजाराव्या नोंदीला बंद होते, आणि ती नोंद पटकावणाऱ्याने आपली इच्छा लिहायची, असा रिवाज. एरवी कुणी नोकरी मागे, कुणी बायको. पोरखेळ म्हणून पोलिसांनी शेवटचे पान वाचलेच नव्हते. बाईंनी ते पुढे सरकवले : "हजारावा मी असेन, तर ती शाळा या आठवड्यात जळो."

चौथ्या दिवशी शाळा जळाली होती.

"हे आरोपीनं लिहिलंय?"

"ते त्यालाच विचारा. कागदावर घ्या."

पुरवणी जबाब नोंदला गेला, आरोपपत्राला जोडलाही गेला. शब्द आरोपीचे, खाली सही त्याचीच :

"हजारावी नोंद माझी नव्हती. कुणाची होती, मला ठाऊक नाही. त्या शाळेतल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही. पण ते कोरियन होते, इच्छा लिहून झाली होती आणि सगळे वाट बघत होते. कुणीतरी पुरी करायलाच हवी होती. मी आगीचा फोटो तिथं टाकला, तेव्हा त्यांनी मला देव म्हटलं. पोलीस म्हणतात, मी एकटा होतो. त्या दिवशी नव्हतो."