सुनेनं मातीत घातलं

बायडाबाईंचं तोंड म्हणजे गावचा भोंगा. सिन्नरकडची त्यांची डाळिंबाची बाग वारलेल्या नवऱ्याच्या हातची. पण जमीन विटेसारखी कडक झालेली, झाडं निम्मी वाळायला आलेली. बाग उपटायचं कुणी नाव काढलं की बाई त्याच्या अंगावर धावून जायच्या. शेवटचा उपाय म्हणून सून उज्वलानं झाडांच्या ओळींमधून ताग पेरला. हिरवळीचं खत करू म्हणाली. बाईंनी 'खत' तेवढं ऐकलं, ते कसं करतात हे ऐकायला थांबतंय कोण!

ताग कमरेला लागला, पिवळ्या फुलांवर आला. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवू लागल्या. आणि ऐन भरात उज्वलानं ट्रॅक्टर आणून सगळा ताग रोटाव्हेटरखाली बारीक करून मातीत गाडला. कोवळा आहे तोवरच गाडायचा, निबर झाला की लवकर कुजत नाही, असं ती परोपरीनं सांगत राहिली. छे! बाईंनी एकलहऱ्याच्या भावाला, गोटीरामला, फोन लावला. "सुनेनं समदं मातीत घातलं रे," म्हणून गळा काढला.

आता एवढं ऐकून कुठला भाऊ स्वस्थ बसेल? त्याला वाटलं, बाग बुडाली. उपटून टाकायला जेसीबीच आणतो म्हणाला, आणि रागाच्या भरात बाई हो म्हणून बसल्या. नशीब एवढंच की जेसीबीवाल्यानं पुढच्या महिन्याची तारीख दिली.

तोवर उज्वलानं पाणी सोडलं आणि गाडलेला ताग कुजू लागला. असा वास सुटला की बाई नाकाला पदर लावून बागेत जायच्या. जायच्या मात्र रोज, सुनेची चूक काढायला नको का?

एका सकाळी वास नव्हता. चप्पल मातीत रुतली. बाईंनी वाकून बोटं खुपसली, तर हात मनगटापर्यंत आत गेला आणि गांडूळ घेऊनच वर आला. झाडांना कोवळी पालवी फुटलेली. बाई तिथंच बसल्या आणि हमसून रडल्या. ही माती बघायला नवरा हवा होता, असं त्यांना फार वाटलं.

नेमका तेव्हाच जेसीबी घेऊन गोटीराम बांधावर हजर. बाई मातीच्या हातानंच यंत्राला आडव्या झाल्या.

"अक्का, तूच म्हनली ना, सुनेनं मातीत घातलं?"

"घातलं की. पुढल्या साली मी बी घालनार हाय. तू आपलं हे धूड घे आन् वाटेला लाग. आन् तुझ्या सुनेला धाड इकडं, मातीत घालायला शिकंल जरा."