कै. वीणा यांची रेकॉर्ड

पुण्याहून येऊन बेंगळुरूत रेकॉर्ड कंपनी थाटलेल्या अभिजीतने वीणाला परस्पर मारून टाकलं होतं. चामराजपेटेतल्या चार दुकानांत चौकशी केली, कुणी ओळखेना, म्हणजे मेली! एवढीच त्याची अक्कल. ऐंशीच्या दशकात कुत्र्यानंही न विचारलेली ती सिंथेसायझरवरच्या गाण्यांची कॅसेट आता काळ्या तबकडीवर पुन्हा निघाली होती आणि कव्हरवर छापलं होतं, ‘गायिका : कै. वीणा’.

ते वाचून महानंदा आधी हसली, मग तिचं डोकं फिरलं. वीणा म्हणजे तीच. कॅसेटवाल्या पोरीचं नावसुद्धा घरात नको, म्हणून सासूबाईंनी लग्नात ताटातल्या तांदळांवर ‘महानंदा’ लिहवून घेतलं होतं. गाणंही तेव्हाच बंद झालं. निदान त्या रेकॉर्डवर तरी आपण जिवंत असावं, एवढंच तिला हवं होतं.

प्रकाशनाच्या दिवशी कॅफेत जाऊन तिने अभिजीतला गाठलं.

“अरे, तुझी कैलासवासी मीच. बघ, चालत आलेय.”

“आंटी, आधारवर वीणा नाव आहे का?”

“लग्नात नाव बदलतात रे आमच्यात. तुमच्या पुण्यात नव्हते बदलत? आजीला विचार जरा, स्वल्प.”

अभिजीतचा चेहरा उतरला. त्याला पटलं होतं, हे तिने ओळखलं.

“आंटी, सगळी हाइप त्या मिस्टरीवर आहे,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही जिवंत आहात हे नंतर अनाउन्स करू. आता प्लीज मागे बसा.”

म्हणजे मेलेल्या बाईला भाव जास्त! सुतक पडल्यासारखे चेहरे करून सगळी पोरंटोरं श्रद्धांजलीला उभी राहिली, तेव्हा महानंदा तरातरा माइकपाशी गेली आणि त्याच रेकॉर्डमधलं गाणं गाऊ लागली. नाव सांगायची तिला गरज वाटली नाही. महिनाभर मोबाइलवर हीच गाणी रात्रंदिवस कानाला लावून ऐकतायत, आवाज ओळखतीलच की! आवाज जाड झाला होता, वरच्या सुरावर थरथरलाही, पण तिने गाणं पुरं केलं.

टाळ्या पडल्या. एक मुलगी तबकडी छातीशी धरून पुढे आली. तिचे डोळे भरले होते.

“छान गायलात, आंटी. पण रागावू नका हं, वीणाची सर नाही.”

अभिजीतने सुटकेचा श्वास टाकला.

“खरंय, पोरी,” महानंदा म्हणाली. “वीणा मरेपर्यंत गायली तरी. मला कुणी गाऊच दिलं नाही.”