डावी बाहुली बारीक झाली होती

मी पेनटॉर्च बोलतोय. डॉक्टर-नर्स खिशाला क्लिप लावून मिरवतात ना, तोच. स्टीलचा, बोटापेक्षा थोडा लांब. आता पेटत नाही, आणि खरं सांगू का, काही वाटतही नाही. जे झालं ते सांगून टाकतो. बडबड जास्त होईल, तेवढी सांभाळून घ्या. पुण्याचा ना मी!

बनलो कुठं ते आठवत नाही. पहिल्यांदा पेटलो तो बुधवार पेठेत, इलेक्ट्रिकच्या दुकानात. काय ती गर्दी, काय ते हॉर्न! मला वाटायचं, आपण थिएटरातल्या डोअरकीपरकडे जाणार, रोज फुकट पिक्चर बघणार. गेलो बारामतीला.

तिकडच्या सांगवीच्या रामभाऊंनी मला घेतलं, पंच्याण्णव साली. त्यांची तेजश्री नर्सिंगला लागली होती. घरी नेऊन त्यांनी मला आधी बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवलं, मग लेकीच्या हातात दिलं आणि सगळ्यांना दम भरला, "डोळं बघायची बॅटरी हाय ही. लाईट गेली तरी कुणी हात लावायचा न्हाय."

मी जाम खूश. डोळे बघायचे म्हणजे काय साधं काम?

बारामतीच्या दवाखान्यात जयवंता सिस्टर नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या. "मेंदू कवटीच्या आत. तो दिसत नाही. म्हणून बाहेरून विचारायचं. हाक मारली की डोळे उघडतो का? धड बोलतो का? सांगितलेलं करतो का? मग आपले दोन्ही हात दाबायला लावायचे, एकदम, म्हणजे कमीजास्त कळतं. मग डोळ्यांतल्या बाहुल्या. उजेड पडला की बाहुली बारीक झाली पाहिजे. आणि टॉर्च पेशंटवर मारायच्या आधी?"

"आपल्या तळहातावर मारून उजेड बघायचा, सिस्टर!" सगळ्या एका सुरात.

एका सुरात बोलायच्या, पण मारायचं कोणीच नाही.

वर्षभरात खूप डोळे बघितले मी. तोंड वाकडं झालं की "वारं लागलं" म्हणून दोन दिवस घरीच शेकत बसायचे लोक. फिट आली की नाकाला चप्पल लावायचे. मग जीप करून धावत यायचे. मी आपला पेटायचो, विझायचो. हळूहळू मुलींनाही त्याची सवय झाली. पेशंटच्या तक्त्यात दर तासाला लिहायचं असतं ना, तिथं वरच्या ओळीखाली दोन बारक्या रेघा मारायच्या. म्हणजे वरच्यासारखंच. पटकन होतं.

मग तो मार्चमधला शनिवार आला. वर्ल्ड कप, भारत-पाकिस्तान.

नरसिंहपूरकडचे तात्याबा सकाळीच आले होते. उसाच्या ट्रॉलीवरून पडले होते, डोक्याला मार. उजव्या कानावर टेंगूळ आलेलं, पण गडी एकदम मजेत.

"आबा, आज वार कोणता?" तेजश्रीनं विचारलं.

"शनवार. आन् म्याच हाय. डोकं फुटलंय पोरी, ध्यान न्हाय फुटलं."

"शुद्धीचे पंधरापैकी पंधरा मार्क पडले तुम्हाला."

"मंग पास झालो की! सोडा घरला."

त्यांचा मुलगा रणजित छोटा ट्रान्झिस्टर घेऊन बसला होता. मॅच सुरू झाली आणि त्याचे सेल बसले. "ताई, तुमच्या बॅटरीतलं दोन सेल द्या की. माझं त्यात घाला. उजेड तर पडंलच."

तेजश्रीला पण स्कोअर हवाच होता. तिनं दिले. त्याचे दमलेले दोन सेल माझ्या पोटात आले. मला काही दुखलं नाही. फक्त मी पिवळा झालो.

चार वाजता ती तात्याबांकडे आली. हाक मारली, तर ते नुसते "हं" म्हणाले.

"झोपू द्या वो ताई, दुपारचं झोपत्यातच ते," रणजित म्हणाला. कानाला ट्रान्झिस्टर.

तिनं पापणी उचलली. मला उजव्या डोळ्यावर धरलं. बाहुली हलली नाही. मग डावीवर. डावी बारीक झाली.

परत उजवी. तशीच.

"सेलच गेलेत याचे," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि तक्त्यात दोन रेघा मारल्या. हात दाबायला लावायचं राहूनच गेलं.

अगं, सेल दोन्ही डोळ्यांना तेच होते! मी दोघांवर सारखाच मंद पडलो होतो. डावीला तेवढा उजेड पुरला, मग उजवीला का नाही? पण मला तोंड कुठंय? बटण सोडलं की मी विझतो.

पाच वाजता जयवंता सिस्टर आल्या, स्वतःचा टॉर्च घेऊन. उजवी बाहुली मोठ्ठी, उघड्या दारासारखी. डावा हात उचलून सोडला, तर धप्पकन पडला.

"कवटीत रक्त साठतंय. मेंदू दाबला जातोय. चारला काय बघितलंस?"

तेजश्रीनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बघितलं होतं, सिस्टर. टॉर्चवर ढकललं."

रणजितनं ट्रान्झिस्टर बंद केला. ॲम्ब्युलन्सनं आबांना पुण्याला नेलं. ऑपरेशन झालं आणि ते जगले.

दोन महिन्यांनी दाखवायला आले. काठी टेकत, डावा पाय ओढत. तेजश्रीनं त्यांच्या डाव्या तळहातावर कापूस फिरवला. "आबा, कळतंय का?"

"न्हाय गं. हात हाय, पर माझा न्हाय. शेजाऱ्याचा धरून ठिवल्यासारखं वाटतंय."

तेजश्रीनं त्यांना चार वाजताचं सगळं सांगितलं. सेल, रेघा, सगळं. आबांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घेतला.

"पोरी," ते म्हणाले, "म्याच जितली का गं आपण?"

"व्हय आबा. जिंकली."

ते मान हलवत निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिनं मला कधी पेटवलं नाही. ते दोन सेल आतच राहिले, गळले, गंजले. आता माझं बटण दाबलं तरी मला समजत नाही. आबांना कापूस समजत नाही, तसं.

अठ्ठ्याण्णवपासून ती वालचंदनगरला नर्स आहे. शिकाऊ मुली आल्या की मला टेबलावर ठेवते, दुसरा टॉर्च घेते, आधी स्वतःच्या तळहातावर मारते, मग मुलींना विचारते, "मंद टॉर्चनं एक बाहुली बारीक झाली, एक नाही. बिघाड कुठं?"

एखादी मुलगी माझ्याकडं बोट दाखवतेच.

बाई, माझ्याकडं नको. पेशंटकडं बघ.