भोंग्यावरची गंमत

मोठ्या उद्यानात आत्या आकाशपाळण्याच्या रांगेत उभी होती. तिथला कर्मचारी भोंग्यावरून ओरडला, "मावशी, तुमच्यासाठी क्रेन मागवू का?" सगळी रांग खो खो हसली. आत्याने उद्यानावर सरळ दावा ठोकला. तिला त्याच भोंग्यावरून माफी हवी होती.

कोर्टात उद्यानाचे वकील म्हणाले, "साधी गंमत होती हो ती."

आत्या उठली. "देह देवाने दिलाय, मी कशाला लाजू? वकीलसाहेब, तीच गंमत आता माझ्याकडे बघून करा."

वकिलांनी घसा खाकरला, आत्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"करा की," न्यायाधीश म्हणाले, "साधीच आहे ना?"

"माफी मागू आम्ही," वकील पुटपुटले.

"जरा मोठ्याने," आत्या म्हणाली. "तिथली रांग लांबलचक असते."