अढीच्या खोलीची किल्ली

मी एक जुनी पितळी किल्ली आहे. वेळणेश्वरला श्रीपती आणि हेमा यांच्या घराशेजारी जी अढीची खोली आहे, तिच्या कुलपाची. मित्रांनो, अढी म्हणजे गवतात पिकत घातलेले आंबे. पूर्वी मे महिन्यात मी सतत हेमाच्या कमरेला असे. "हिने बंद केलं की बंद," असं श्रीपती कौतुकाने म्हणत. पुढे आंबे पेट्यांतून थेट बागेतूनच जाऊ लागले. खोली रिकामी झाली आणि मी खुंटीवर हिरवी पडले.

गेल्या वर्षी हेमाचा भाचा विनीत मुंबईहून आला. त्याने खोलीला फरशी आणि संडास-बाथरूम करून घेतलं, आणि ती पाहुण्यांसाठी खोल्या बुक करायच्या एका साइटवर चढवली. मला खोबरेल लावलं, करवंटीचा तुकडा बांधला. पुन्हा कामाला आले म्हणून मी खूश होते.

गावात खोल्या देणाऱ्यांची रीत ठरलेली आहे. आधी विसार, उरलेले पैसे हातात पडले की किल्ली. हेमालाही तीच ठाऊक होती.

पहिलं बुकिंग सांगलीच्या उर्वीचं होतं. ती शनिवारी दुपारी म्हाताऱ्या आईला घेऊन आली. वेळणेश्वर त्यांचं कुलदैवत. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तिला ओट्यावर बसवेना. ती खांब धरून उभी राहिली. हेमाने पाय धुवायला पाणी दिलं, कोकम सरबत दिलं. मी मात्र तिच्या मुठीतच होते.

"काकू, किल्ली देता? आईला आडवं व्हायचंय."

"देते हो. पैसे आल्याचं मोबाइलवर दिसलं की लगेच."

"अहो, मी तर महिन्यापूर्वीच भरलेत!" उर्वीने मोबाइलवर पावती दाखवली.

"दाखवायला काय, सगळेच दाखवतात. आमच्याकडे कुठे आलेत?"

श्रीपती झोपाळ्यावरून म्हणाले, "हेमा, मग सरबत कसं उधारीवर दिलंस गो?"

कोणी हसलं नाही. उर्वीचा चेहरा लाल झाला. "आई, चल. गुहागरला बघू कुठे."

आई गाडीकडे वळली. पायरी उतरताना तिने ओठ घट्ट दाबले होते. आतला पलंग तिच्यापासून चार हातांवर होता आणि दार उघडणं एवढंच माझं काम होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला किल्ली असल्याची लाज वाटली.

घाबरून हेमाने विनीतला फोन लावला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू.

"आत्ये, ते पैसे साइटवाल्यांकडे असतात. पाहुणे खोलीत राहायला आले की साधारण एक दिवसाने ते सोडतात. मग बँकेत यायला आणखी दोन-तीन दिवस. मध्ये रविवार आहे."

"म्हणजे किल्ली आधी?"

"आधीच! मी मे महिन्यात सांगितलं होतं."

"तेव्हा मला वाटलं, तू आंब्याच्या दलालाचं सांगतोयस."

"पाहुण्यांना दारातून परत पाठवलंस तर एक पैसा येणार नाही. वर ते साइटवर तसं लिहितील, ते सगळ्यांना दिसेल."

हे सगळ्यांनीच ऐकलं. मी उघडल्याशिवाय जे पैसे सुटणार नव्हते, त्यांच्यासाठीच मला अडवून धरलं होतं. हेमा अनवाणी गाडीपर्यंत धावली. तिने मला उर्वीच्या आईच्या हातावर ठेवलं. मी घामाने ओली होते.

रविवारी दुपारी पैसे सोडल्याचा मेसेज आला. हेमा नारळ खवत होती. तिने तो वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला.

सोमवारी निघताना आईने मला परत दिलं. "मोजून घ्या हो," ती म्हणाली, "एकच आहे."

हेमाने मान वर केली नाही. मीही चमकले नाही. बुधवारी पैसे बँकेतही आले.

आता पाहुणे यायच्या आधीच हेमा मला कुलपात लावून ठेवते. मित्रांनो, घर भाड्याने देणार असाल तर पैसे कधी, कसे मिळतात ते पहिल्याच दिवशी नीट विचारून घ्या. समजलं नाही तर पुन्हा विचारा. आणि दमलेलं माणूस दारात उभं असेल, तर माझ्यासारखीला मुठीत धरून ठेवू नका. खांब धरून उभी असलेली ती आई मला अजून दिसते.