इटलीतला विद्वान

निरगुडसरच्या पुढे उसाच्या रानात एक माध्यमिक शाळा आहे. तिच्या भिंती बोलतात. म्हणजे सरकारी भाषेत त्यांना बोलक्या भिंती म्हणतात. एका भिंतीवर पाढे, एकीवर पचनसंस्था, मुतारीच्या भिंतीवर स्वच्छतेचे फायदे. वर्षानुवर्षं या भिंती बोलत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं. मग जालिंदर सरांनी इतिहासासाठी एक भिंत मागून घेतली. आता त्या भिंतीसमोरून जाताना सर मान खाली घालतात.

जालिंदर सर इतिहास चांगला शिकवतात, हे आधी कबूल करायला हवं. त्यातही युरोपातलं प्रबोधन हा त्यांचा हातखंडा. तो धडा आला की सर चष्मा काढून हातात धरत आणि पुस्तक बंद करत.

"हजार वर्षं चित्रात फक्त देव आणि संत होते," सर म्हणत. "चेहरे सगळे एका साच्यातले. मग इटलीत काही खुळे निघाले. ते म्हणाले, माणसाकडे बघा. बाजारातला हमाल घ्या, भाजीवाली घ्या, त्यांच्या सुरकुत्या घ्या आणि त्यांनाच संत म्हणून रंगवा. माणूस आहे तसा बघण्यासारखा आहे, हे त्यांना कळलं. बाकी सगळं त्याच्यानंतर आलं."

मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तेवढा वेळ गप्प बसत.

आणि एवढं बोलणाऱ्या माणसाने स्टाफरूममध्ये सांगून ठेवलं होतं की आपले वडील बागायतदार आहेत. गावी विहीर आहे, डाळिंबाची बाग आहे. कसली बाग अन् कसलं काय! सरांचे वडील ज्योतिबा मेंढरं राखतात. घर वर पठारावर. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली उतरायचं, ज्याचं बोलावणं येईल त्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्याच्या मातीला द्यायचं, त्याच्याकडून धान्य घ्यायचं आणि पुढच्या रानाला लागायचं. त्याच मेंढरांवर सर शिकले, बीएड झाले. नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं, वडील काय करतात? आणि सरांच्या तोंडून डाळिंबं निघाली. कुणी त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. खरं सांगितलं असतं तर कुणी हसलंही नसतं. पण एकदा निघालेलं खोटं पोसावं लागतं. दरवर्षी हंगामात मुख्याध्यापक चांगदेव सर डाळिंबाचा भाव विचारत आणि जालिंदर सर तो पेपरात बघून सांगत.

ज्योतिबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याला ते आपोआप कळलं होतं. त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "कुनी हाय का जवळ?" सर 'हो' म्हणाले की ते लगेच, "मग ठिवतो," म्हणून फोन ठेवत. सर एकटे असले तरच बोलत. कुठली मेंढी व्याली, तुझ्या आईचे, म्हाळसाबाईचे, गुडघे कसे आहेत, एवढंच. प्रत्येक वेळी सरांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पण 'असू दे कुणी, बोला आबा', एवढं त्यांच्याच्याने कधी म्हणवलं नाही.

जानेवारीत भिंतीचं काम निघालं. जुन्नरच्या बाजारातला रिजवान पेंटर आला. एके काळी जुन्नर हाताने केलेल्या कागदासाठी नावाजलेलं होतं, आणि रिजवानचे पूर्वज तो कागद करायचे. ते बंद पडलं तशी घराने दुकानांच्या पाट्या धरल्या, आणि फ्लेक्स आला तशा पाट्याही गेल्या. आता बोलक्या भिंतींवर त्याचं पोट चालतं. त्याने मोबाईलवर इटलीचं एक चित्र शोधून आणलं होतं. कमानींचं मोठं दालन आणि त्यात झगे घातलेले पंडित.

"कमानी ह्याच ठेव," सर म्हणाले, "पण चेहरे उतरवू नकोस."

"मग कुणाचे काढू सर?"

"इथले. इटलीत त्यांनी तेच केलं. रस्त्यावरचा माणूस आणून बसवला आणि त्याचा विद्वान केला. तूही शोध. चेहऱ्यावर आयुष्य दिसलं पाहिजे."

रिजवानला ते फार पटलं. त्याला आजवर सगळ्यांनी 'जसंच्या तसं काढ' एवढंच सांगितलं होतं.

त्याच दिवशी आबांचा फोन आला. सर एकटेच होते.

"चिमाजीनं रानात मेंढरं बसवाया बोलावलंय," आबा म्हणाले. "तुज्या शाळंच्या कुंपनाला लागून हाय त्याचं रान. चालंल का तुला?"

बापाने लेकाला विचारावं, चालेल का!

"बसवा की," सर म्हणाले. "फक्त शाळेत येऊ नका आबा. साहेब येणार आहेत, इथं सगळी गडबड आहे."

"न्हाई येत," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर आठवडाभराच्या प्रशिक्षणाला जुन्नरला गेले आणि भिंतीच्या उद्घाटनाच्या दिवशीच एसटीने परत आले. मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर मंडपाचं कापड सोडलं होतं. सरांची नजर आधी कुंपणाकडे गेली. चिमाजीच्या मोकळ्या रानात मेंढरं होती, आणि तारेपलीकडे खांद्यावर घोंगडं टाकून आबा काठीला टेकून उभे होते. शाळेत यायचं नाही, एवढं त्यांनी पाळलं होतं. कुंपणापाशी यायचं नाही, असं कुणी बोललं नव्हतं. सर पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि पुन्हा तिकडे बघितलं नाही.

शिक्षण खात्याच्या साहेबांनी दोरी ओढली. कापड खाली आलं.

कमानींमागे कमानी खरोखर भिंतीच्या आत गेल्यासारख्या दिसत होत्या. पायऱ्यांवर पंडित बसले होते. एकाचे गाल शाळेच्या शिपायाचे, एकाचे डोळे किराणावाल्याचे. पोरं ओळखू लागली, खुसपुसू लागली. सर्वांत वरच्या पायरीवर, अगदी मधोमध, एक म्हातारा उभा होता. अंगावर काळ्या-करड्या जाड वस्त्राचा झगा, त्याच्या घड्या अशा की हात लावावा. पांढऱ्या मिशा, उन्हाने रापलेलं कपाळ, बारीक केलेले डोळे. त्याचा उजवा हात एका जाडजूड ग्रंथावर होता.

सरांनी चेहऱ्याआधी हात ओळखला. ग्रंथावर कुणी असा हात ठेवत नाही. बोटं फाकलेली, अंगठा दाबलेला. लोकर किती वाढली, आत मांस किती आहे, हे बघायला मेंढीच्या पाठीवर ठेवतात तसा तो हात होता. त्या हाताशेजारी आपला लहान हात ठेवून सर ते शिकले होते. त्यांना पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर अभिमान. एक क्षणभर छाती भरून आली. मग लगेच त्यांनी चांगदेव सरांकडे चोरून बघितलं.

"अरे वा," साहेब म्हणाले. "मधले हे कोण?"

चांगदेव सर हसून म्हणाले, "ते आमचे जालिंदर सर सांगतील. कल्पना त्यांचीच आहे. खाली नावासाठी जागा सोडलीय, ते म्हणतील ते लिहायचं."

सगळे वळून बघू लागले. रिजवान ब्रश घेऊन तयार उभा होता. सरांना फक्त तीन शब्द बोलायचे होते, हे माझे वडील. सगळा धडाच त्या तीन शब्दांचा होता. याहून चांगली जागा आणि वेळ कुणाला मिळणार? पण समोर चांगदेव सर होते, डाळिंबं होती, इतकी वर्षं सांगितलेले भाव होते.

"हा इटलीतला एक विद्वान आहे," सर म्हणाले. "त्या काळातला."

"अवो सर, कुटला इटलीतला?" पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या झुंबरबाई मागून म्हणाल्या. "ह्ये तर मेंढरावालं बाबा. त्ये बगा, तिथं हुबं हायेत. चार दिस मीच च्या दिलाय त्यास्नी."

आता सगळ्या माना कुंपणाकडे गेल्या. तेच कपाळ, त्याच मिशा, खांद्यावर तेच घोंगडं. रिजवान काही बोलायला पुढे झाला. सरांनी आबांकडे बघितलं नाही. ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

तेवढ्यात तारेपलीकडून आबाच बोलले.

"न्हाई बाई. त्यो इटलीचाच हाय. सर सांगत्यात न्हवं? शिकल्यालं मानूस खोटं कशापायी बोलंल?"

साहेब मोठ्याने हसले. "म्हातारा हुशार आहे," असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. रिजवानने त्या म्हाताऱ्याच्या पायाशी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, इटलीतील विद्वान. आबांना वाचता येत नाही. काय लिहिलंय ते त्यांनी झुंबरबाईंना विचारलं, त्यांनी जवळ जाऊन सांगितलं, आणि आबांनी बरोबर आहे अशी मान हलवली.

साहेब गेले. मैदानात चहा आणि शेव-चिवडा फिरू लागला. रिजवान कप घेऊन सरांपाशी आला.

"सर, चुकलं का माझं? तुम्ही म्हणला व्हता, इथला चेहरा घे."

"नाही रे. चांगलं झालंय."

"लई अवघड गिऱ्हाईक व्हतं," रिजवान सांगू लागला. "आत या म्हनलं, खुर्ची देतो म्हनलं, तर येईना. म्हणे, आत जायाचं न्हाई मला. रोज तारेच्या पल्याड उन्हात बसायचा आन् मी हिकडून काढायचो. नाव विचारलं तर म्हणे, इटलीच्या मानसाला माझं नाव कशाला? मग शेवटच्या दिवशी त्यानंच विचारलं."

"काय विचारलं?"

"म्हणला, ह्या भिंतीवर सर पोरांना शिकवत्यात का? मी म्हनलं, व्हय, दरसाल. तर म्हणला, मंजी दरसाल सरांनी आमच्याकडं बघायचं. बरं झालं म्हणला. आन् हसला. काय थांग लागत नाय आपल्याला असल्या मानसांचा."

सरांनी कप खाली ठेवला. तो कुठे ठेवला हेसुद्धा त्यांना कळलं नाही. ते कुंपणापर्यंत गेले. तारेपाशी दाबलं गेलेलं गवत होतं, बसून बसून झालेली जागा. रान रिकामं होतं. कळप पारगावच्या रस्त्याला लागला होता, लांबवर धुळीचा ढग तेवढा दिसत होता. सरांना आपली स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. वाटलं, धावत जावं. पण धावत जाऊन रस्त्यात, कुणी नसताना पाया पडण्यात काय अर्थ होता? कुणी नसताना तर आजवर सगळंच झालं होतं.

ते मुद्दाम परत फिरले. मैदानाच्या मध्ये, जिथे चांगदेव सर, झुंबरबाई, रिजवान आणि सगळा स्टाफ उभा होता, तिथे येऊन थांबले आणि सगळ्यांसमोर फोन लावला. बरीच रिंग गेली. मग मेंढरांचा आवाज आला आणि त्याच्यामागून आबांचा.

"कुनी हाय का जवळ?"

"आहेत," सर मोठ्याने म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "सगळे आहेत आबा. सगळ्यांसमोरच मला..."

"बरं बरं," आबा घाईघाईने म्हणाले. "मग ठिवतो, सर."

फोन बंद झाला. सरांनी पुन्हा लावला. वाजत राहिला, आबांनी उचलला नाही. लेक अडचणीत आहे, त्याच्याजवळ माणसं आहेत, अशा वेळी उचलायचा नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सर फोन कानाला धरून तसेच उभे होते. चांगदेव सर जवळ आले, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वडिलांना लावला होता का? त्यांनाही बोलवायचं होतं की आज. कसा आहे यंदा डाळिंबाला भाव?"

जालिंदर सरांनी तोंड उघडलं. समोर भिंत होती, भिंतीवर तो हात होता.

"बरा आहे," सर म्हणाले, आणि भिंतीकडे पाठ करून उभे राहिले.