बटणावरचा बूट

पंपघरातली मोटार जळाली, आणि तिचे खापर पंपवाल्याच्या माथी फोडायचे ठरले. त्याने चूक कबूल करून सही करायची आणि त्याच पावली घरी जायचे. खाली तपासनीस म्हणून आत्याबाईंची सही. तिच्यावाचून विम्याचा कागद पुढे सरकणार नव्हता.

आत्याबाई म्हणजे मालकांच्या सख्ख्या आत्या. जन्मभर तंत्रनिकेतनात विद्युत यंत्रे शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता भाच्याच्या कारखान्यात नियंत्रणपेट्यांच्या पडद्यांवरचा मजकूर लिहिणाऱ्या. सही करण्यापूर्वी कागद शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचा, ही त्यांची खोड. आजही मालकांच्या खोलीत त्या वाचत होत्या; समोर पंपवाला, शेजारी हिशेबनीस.

घडले होते ते असे. कारखान्याच्याच पंपघरात नवी पेटी चाचणीसाठी बसवली होती. सकाळी ती अडकली, टाकी भरून वाहू लागली आणि पडद्यावरच्या बटणात अक्षरे लुकलुकली : ‘बूट करा’. पंपवाल्याने भिंतीकडे पाहिले. तिथे जुनी पाटी होती : ‘ओल्या जमिनीवर बूट घातल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.’ पेटी आणि पाटी एकमुखाने बोलत होत्या. तो गमबूट आणायला गोदामाकडे धावला. पायात चढवून परत येतो तो पाणी मोटारीत शिरलेले.

“अक्कल गहाण टाकली होतीस का रे?” मालक कडाडले. “एवढं साधं इंग्रजी कळत नाही?”

“इंग्रजी कुठं होतं साहेब? मराठीत लिहिलेलं होतं,” पंपवाला पुटपुटला. पंपांच्या गोंगाटावर ओरडून बोलायची सवय म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. आज भोंग्यातून जेमतेम वारा येत होता.

आत्याबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “मी ‘पुन्हा सुरू करा’ लिहिलं होतं. ते कुणी छाटलं?”

“बटणात मावत नव्हतं, आत्या. आणि जगभर बूटच म्हणतात.”

“जगभर? जर्मन म्हणतात, वर चढवा. फ्रेंचांच्या शब्दात नावेचा दोर सोडणं आहे. इंग्रजांनी बूट म्हटलं, त्यालाही कारण आहे. थांब, दाखवते.”

कोपऱ्यात पुरावा म्हणून ठेवलेले ते ओले गमबूट त्यांनी उचलले आणि भाच्यापुढे आदळले.

“घाल.”

“आत्या, मी मालक आहे इथला.”

“मालकांनाच सांगतेय. घाल.”

लहानपणी पाढे चुकले की हाच आवाज ऐकू यायचा. मालकांनी बूट घातले.

“मागचे पट्टे धर. आता ओढ आणि स्वतःला वर उचल.”

मालकांनी वाकून ओढले. चेहरा लालबुंद झाला. पाय तसूभर हलले नाहीत. हिशेबनीस खिडकीकडे वळले, पण त्यांचे खांदे गदगदत होते.

“नाही ना उचलत? इंग्रजीत ही टिंगलच होती : अशक्य ते करू म्हणणाऱ्याची. यंत्रवाल्यांनी ती शब्दशः करून दाखवली. बंद यंत्रातला इवलासा प्रोग्रॅम आधी जागा होतो, तो थोरल्याला ओढून घेतो, आणि यंत्र आपलं आपण उभं राहतं. त्याचं नाव ‘बूटस्ट्रॅप’, म्हणजे बुटाचा पट्टा; पुढं पट्टा गळला, बूट उरला. त्यांना त्यात उठणं ऐकू येतं; आपल्याला नुसतं पायताण. शब्द आणलास, अर्थ वेशीबाहेर ठेवलास, आणि शिक्षा याला?”

“मग सही करणार नाहीस?”

“करते की.” त्यांनी ‘चालकाची चूक’ ही अक्षरे खोडली. वर सुवाच्य लिहिले : ‘शब्दाची चूक. शब्द मंजूर करणारे : मालक.’ आणि सही ठोकली.

“उद्यापासून येऊ नकोस, आत्या.”

“नाही येणार. पण विमावाले विचारतील, तेव्हा घरूनही हेच सांगेन.”

मालकांनी खोडलेली ओळ पुन्हा वाचली. म्हणाले, “मग त्या बटणावर लिहायचं तरी काय?”

“उठवा.”

“लोक म्हणतील, कंपनीचा बाजार उठवा!”

“असा वागत राहिलास तर तो आपोआप उठेल.”

तेवढ्यात काचा हादरल्या. “साहेब, मी सही करणार नाही!” भोंगा वाजला होता. “कामावरूनही जाणार नाही!”

मालकांनी कबुलीचा कागद टराटरा फाडला. “जा, पंपावर जा! आणि आधी हे बूट काढ माझ्या पायातले. अडकलेत.”

भोंगा सवयीने वाकू लागला.

“ताठ उभा राहा,” आत्याबाई म्हणाल्या. “पट्टे त्यांच्याच हाताशी आहेत.”